लेकरांसमोर रडलं तर चालतं का?

माझ्याकडे येणाऱ्या तरुण आयांचा एक प्रश्न हमखास असतो. घरातलं म्हातारं माणूस नुकतंच गेलेलं असतं, पदरात लहान लेकरं असतात आणि आवाज खाली घेऊन त्या विचारतात, "मॅडम, मुलांसमोर रडलं तर त्यांच्या मनावर परिणाम होतो का?" यावल तालुक्यात माहेर असलेल्या एका ताईची हकीकत सांगते, म्हणजे उत्तर नीट कळेल. तिच्या परवानगीनेच लिहिते आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

ताई भुसावळला राहते. मोठी मुलगी साडेचार वर्षांची, धाकटा नऊ महिन्यांचा, अंगावर पिणारा. ताईच्या पाठीवर लगेच भाऊ झाला, केळीच्या बागेचं काम होतंच, आई दोघांना पुरेना. म्हणून ताई आजीच्या कुशीत गेली आणि दहावीपर्यंत तिथेच वाढली. आजीला ती 'माय' म्हणायची. लग्नानंतरही रोज दिवेलागणीला मायचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न तोच, "जेवनी का व?" (जेवलीस का गं?)

थंडीच्या दिवसांत माय गेली. दोन लेकरं आवरून, बस बदलून ताई गावी पोचली तोवर सगळं उरकलं होतं. दारावर येणारी माणसं वडिलांजवळ, काकांजवळ बसत. ताई आतल्या खोलीत बाळाला पाजत होती, नाहीतर चहाचे कप भरत होती. येणारा प्रत्येक जण म्हणे, "वय झालेलं होतं, हाल न होता गेली, सोनं झालं." तिसऱ्या दिवशी "लहान लेकरू आहे, गर्दीत नको" म्हणून तिची परत पाठवणी झाली. दशक्रियेला आली तीही एका दिवसापुरती.

माझ्यासमोर बसल्यावर ती आधी ओशाळली. "मॅडम, आई गेली असती तर गोष्ट वेगळी. आजीसाठी इतकं रडू येणं बरोबर आहे का?"

हे मी फार वेळा ऐकते आणि दर वेळी तुटतं. जिने न्हाऊमाखू घातलं, वेणी घातली, ताप आल्यावर रात्र जागून काढली, ती नात्याने आजी म्हणून दुःख कमी का व्हावं? केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा शोकाबद्दल लिहिलं, ज्याचा हक्कच समाज माणसाला देत नाही. लोक क्रूर असतात असं नाही. सांत्वनाची जागा त्यांनी मुलासाठी, सुनेसाठी राखून ठेवलेली असते, नातीसाठी नसते. ताईला मी म्हटलं, "तुमची आईच गेली आहे. तसंच समजून बोलू या." त्यानंतर ती बराच वेळ रडली. मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

घरी मात्र रडायची चोरी होती. सासू प्रेमाचीच, पण म्हणायची, "रडू नको व, बाळाला पाजतेस तू, दूध आटेल. दुःखाचं दूध बाधतं." याचा धसका ताईने इतका घेतला होता की डोळे भरून आले की ती बाळाला बाजूला ठेवायची. खरं काय ते सांगते. मनावर मोठा ताण असला की दूध सुटायला वेळ लागू शकतो, कारण दूध बाहेर आणणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक ताणात अडखळतं. पण रडण्याने दूध नासत नाही की बाळाला बाधत नाही. उलट पाजणं थांबवलं तर दूध खरोखर कमी होऊ लागतं. रडू आलं तर पदराने डोळे पुसावे आणि पाजत राहावं. हे मी सासूबाईंनाही बोलावून सांगितलं, त्यांनी मान्य केलं.

खरी अडचण मुलीची होती. "माय कुठे गेली?" असं तिने विचारलं तेव्हा घरातल्या कुणीतरी घाईत सांगितलं, "झोपली." तेव्हापासून ती पोर दुपारी झोपेना. रात्री ताईचा डोळा लागला की ही उठून बसायची आणि आईच्या पापण्या दोन बोटांनी उघडून आत बघायची. ताई वैतागून ओरडायची, मग पोर आणखी घट्ट चिकटायची. शिवाय बाहुलीला आडवं करून, तिच्यावर रुमाल टाकून चारजणी उचलून न्यायचा खेळ चालायचा. आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, "अशुभ खेळते, मारा दोन."

यात अशुभ काही नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे परत येता येतं असं गावाला जाणं वाटतं. मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर काहीच करत नाही, हे बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान समजू लागतं. तोवर ती खेळून, तेच तेच विचारून ते ताडून बघतात. "झोपली" म्हटल्यावर तिने सरळ हिशोब केला होता, झोपलेली माणसं नेली जातात. ती पापण्या उघडून आई आहे ना, हेच बघत होती.

ताईने तिला काय सांगायचं ते आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. साधे शब्द, थोडे शब्द. "माय वारली. तिचं शरीर फार म्हातारं झालं होतं, ते बंद पडलं. आता ती श्वास घेत नाही, जेवत नाही, तिला दुखत नाही, थंडी वाजत नाही. ती परत येणार नाही. झोपणं वेगळं, झोपलेलं माणूस सकाळी उठतं." आजारपणाचा उल्लेख करायचा तर सर्दी-तापासारखं आजारी नव्हे, हेही सांगावं, नाहीतर पुढच्या शिंकेला मूल घाबरतं. "देवाघरी गेली" म्हणायला माझी हरकत नाही, ती श्रद्धा घराची आहे. पण ते शरीराचं सांगून झाल्यावर सांगावं. नुसतं तेवढंच सांगितलं की मूल विचारतं, कोणत्या गाडीने गेली, आणि मग देवावर रागावतं.

दोन दिवसांनी मुलीने विचारलंच, "तू पण मरशील?" मी कधीच मरणार नाही, असं वचन देऊ नये. ताईने ठरवल्याप्रमाणे सांगितलं, "सगळे कधीतरी मरतात. पण मी आता धडधाकट आहे, तू मोठी होईपर्यंत खूप वर्षं तुझ्याजवळ राहीन असं मला वाटतं. आणि तुझ्याकडे बघायला पप्पा आहेत, आजी आहे, मावशी आहे." पोरीने ऐकलं आणि बिस्कीट मागितलं. लहान मुलं दुःखात अशीच येतात-जातात. पापण्या उघडणं लगेच थांबलं नाही, काही आठवडे चाललं. फक्त ताईचं ओरडणं थांबलं. "हो, मी आहे, झोपले होते," एवढं म्हणून ती कूस बदलायची.

आता मूळ प्रश्न. मुलांसमोर रडलं तर चालतं. मुलांना आईच्या अश्रूंपेक्षा अश्रूंचं कारण न कळणं जास्त जड जातं. आई न्हाणीघरात नळ सोडून रडते आणि लाल डोळ्यांनी बाहेर येऊन "काही नाही" म्हणते, तेव्हा मूल ठरवतं की आपलंच काहीतरी चुकलं. त्यापेक्षा म्हणावं, "मला मायची आठवण आली म्हणून रडू आलं. तुझ्यामुळे नाही. थोड्या वेळाने बरं वाटेल." आणि मुलाला समजूत घालायच्या कामाला लावू नये, ते त्याचं काम नव्हे. हंबरडा फुटणार असं वाटलं तर मात्र घरच्या दुसऱ्या मोठ्या माणसाने लेकरांना जवळ घ्यावं.

पण मोकळेपणी रडायला वेळ कुठून काढायचा? दिवेलागणीची वेळ ताईला सगळ्यांत जड जायची, फोन येत नसे ना. नवऱ्याशी बोलून ठरवलं की कामाच्या पाळीतून घरी असेल त्या संध्याकाळी तो दोन्ही लेकरांना अर्धा तास बाहेर नेईल. त्या वेळात ताई गावी चुलतीला फोन करायची. माय म्हणजे चुलतीची सासू, तिलाही बोलायचं होतं. दोघी रडायच्या, कधी मायचा तिखट स्वभाव आठवून हसायच्याही. हसल्याचा ताईला फार अपराध वाटे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं की माणूस कधी दुःखात बुडतो, कधी वर येऊन रोजच्या कामात शिरतो, आणि ही ये-जा म्हणजेच शोक करणं. बाळाच्या बोबड्या आवाजाला हसू आलं म्हणजे माय विसरली असं होत नाही.

मायने आदल्या उन्हाळ्यात पाठवलेल्या बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा ताईने वर ठेवून दिला होता, कुणाला हात लावू देईना. एका भेटीला तिने त्यातला एक कागदात गुंडाळून आणला. ज्वारी भिजवून, भरडून, शिजवून ओल्या लुगड्यावर थापलेला तो बिबडा. त्यावर मायची बोटं उमटलेली होती, कडेला अंगठा. मी तिला म्हटलं, "हे लेकीला दाखवा." घरी मुलीने आपली बोटं त्या खळग्यांत ठेवून पाहिली. मग मायलेकींनी काही तळून खाल्ले, बाकीचे ठेवले.

पुढे अक्षय तृतीया, म्हणजे आपली आखाजी आली. माहेरी पितरांची घागर भरायची होती, आगारी (नैवेद्याचा घास विस्तवावर) टाकायची होती, आणि त्यात माय पहिल्यांदा असणार होती. ताई धास्तावली, कारण मुलगी विचारणार हे दिसत होतं. विचारलंच तिने, "माय जेवत नाही ना, मग सांजोरी कुणाला?" ताईने उत्तर दिलं, "तिचं शरीर जेवत नाही. तिला सांजोरी आवडायची, म्हणून आपण तिच्या नावाने ठेवतो. ही आपली आठवण करायची पद्धत." पोरीला पटलं. तिने डांगराची (खरबुजाची) एक फोडही ठेवायला लावली, आणि मग इतर मुलींसोबत निंबाच्या झोक्याकडे पळाली. आपल्याकडच्या या रीती शोकासाठी फार शहाण्या आहेत असं माझं मत आहे. लेकरांना त्यातून बाहेर काढू नका, जवळ बसवा आणि काय चाललंय ते सांगा.

कधी मदत घ्यावी तेही सांगते, विशेषतः बाळंतपणाला वर्ष व्हायचं असेल तर, कारण तेव्हा नैराश्य शोकाच्या आडोशाला लपतं. शोकात आठवण आली की भरून येतं, मधल्या वेळात लेकराकडे बघून बरंही वाटतं. सलग दोन आठवडे दिवसभर मन सुन्न, बाळ झोपलेलं असतानाही झोप नाही, आपण नालायक आई आहोत असं सतत वाटणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं, हे मात्र डॉक्टरांना दाखवावं. सहा महिने उलटूनही दुःख तेवढंच तीव्र असेल आणि रोजचे व्यवहार बंद पडले असतील, तरीही. मरून जावं किंवा बाळाला इजा करावी असे विचार येत असतील तर थांबू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगा. टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. "आजी गेली आणि मला सावरता येत नाही," एवढं सांगितलं तरी पुरतं.