बॉयलर बदलायचाय, पैसे कशाकशाला धरायचे?

प्रश्न: ताई, आम्ही इंग्लंडात स्लाऊला तीन बेडरूमचं जुनं सेमी-डिटॅच्ड घर घेतलंय. घर-पाणी तापवणारा गॅसचा बॉयलर म्हातारा झालाय आणि खोल्या तापवणारे निम्मे रेडिएटर खालून गारच राहतात. तिघांनी कोट दिले, २,४०० पौंडांपासून ४,१०० पर्यंत, एवढा फरक कसा काय? सासूसासरे नोव्हेंबरात पुण्याहून येतायत, त्याआधी काम उरकायचंय. की सरळ हीट पंपच (बाहेरची उष्णता ओढून घर तापवणारं विजेचं यंत्र) घ्यावा?

उत्तर: रेडिएटर वरून गार असेल तर आत हवा अडकलेली असते, ती तुम्ही स्वतः चावीने काढू शकता, फुकटात. खालून गार म्हणजे गाळ. तो साफ न करता नवा बॉयलर जोडला तर तोच गाळ त्यात जाऊन बसणार, आणि माझा अंदाज असा की २,४०० वाल्याने पाइप धुणं, गाळ पकडणारा मॅग्नेटिक फिल्टर, नवे थर्मोस्टॅट यातलं काहीतरी वगळलंय, गॅसचा पाइप मोठ्या व्यासाचा करावा लागला तर तो खर्च वेगळा, वर २० टक्के व्हॅट धरलाय की नाही तेही विचारा. तिघांनाही एकच यादी देऊन लेखी कोट परत मागवा, मग तुलना करा. गॅस सेफचं (गॅसचं काम करायला नोंदणी असल्याचं) कार्ड बघितल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका.

बॉयलरचे किलोवॅट जास्त म्हणजे घर जास्त गरम, असं नसतं हं. कॉम्बीचा (टाकीशिवाय, लागेल तेव्हाच पाणी तापवणाऱ्या बॉयलरचा) मोठा आकडा गरम पाण्यासाठी असतो, घर तापवायला त्याच्या निम्म्याहून कमीही पुरतं. दोन बाथरूम असतील आणि सकाळी सगळ्यांच्या आंघोळी एकदमच, तर कॉम्बीची धार बारीक होणार, तेव्हा टाकीवाली सिस्टीमही विचारात घ्या. आणि आधी माळ्यावर डोकवा, इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) २७० मिमी नसेल तर पहिले पैसे तिथे घाला, बिलात फरक पडतो.

हीट पंपाला इंग्लंड-वेल्समध्ये ७,५०० पौंड अनुदान आहे, इन्स्टॉलरच ते बिलातून वजा करतो, शिवाय मार्च २०२७ पर्यंत व्हॅट शून्य. पण पाण्याच्या टाकीला जागा लागते, काही रेडिएटर मोठे करावे लागतात, त्यामुळे नोव्हेंबरच्या घाईत मी तरी नाही करणार. आत्ताचा बॉयलर सुरक्षित आहे असं गॅस सेफवाल्याने सांगितलं तर हा हिवाळा त्याच्यावरच काढा, पाइप धुऊन घ्या आणि उन्हाळ्यात कुठल्या खोलीला किती उष्णता लागते याचा खोलीवार हिशोब करून एमसीएस (हीट पंपासारख्या कामांचं प्रमाणपत्र) असलेल्या इन्स्टॉलरकडून कोट मागवा.

बॉयलरच घेतलात तर दरवर्षीच्या सर्व्हिसिंगचे पैसे बाजूला ठेवा, ते चुकलं की वॉरंटी गेली.