कोरोनाच्या काळात शेतकऱ्यांना सरकारने नेमके किती पैसे दिले?

तुम्ही विचारलंय, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शेतकऱ्यांच्या खात्यात सरकारने पैसे टाकले असं म्हणतात, ते किती होते आणि त्याने नुकसान भरून निघालं का. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, म्हणून लिहितो.

थेट खात्यात आले ते दोन हजार. २६ मार्च २०२० ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना प्रत्येकी २,००० रुपये होते. पण हे जादा पैसे नव्हतेच. केंद्राच्या पीएम किसान योजनेचे वर्षाला ६,००० मिळतात, त्यातलाच एप्रिल ते जुलैचा हप्ता एप्रिल लागताच सोडला. लवकर आला हे बरंच झालं, पण कोरोना नसता तरी तो येणारच होता. मे महिन्यात किसान क्रेडिट कार्डावर २ लाख कोटी जाहीर झाले, ते कर्ज. राज्याची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती लोक यातच धरतात, पण ती डिसेंबर २०१९ ची, म्हणजे आधीची.

आता नुकसानीचं सांगतो. २५ मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवसापासून देश बंद. आमची एक एकर थॉमसन जातीची द्राक्षं तोडायची राहिली होती, साखर पुरती भरलेली. किलोला ३२ रुपयांनी सौदा ठरून विसारही हातात आला होता. व्यापाऱ्याचा फोन आला, "गाडी मिळेना, पुढं मार्केट बंद. विसार राहू द्या तुमच्याकडं." तोडणीला पेठ-सुरगाण्याची माणसं येतात, ती कधीच गावाकडं निघून गेली होती. मग घरातल्या सगळ्यांनी कात्र्या घेतल्या. निम्मा माल पोटॅश आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून बेदाण्यासाठी जाळीवर टाकला. चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा होतो. उरलेला माल ९ रुपयांनी गेला. बाग उभी करायला एकरी दोन लाखांच्या पुढं खर्च आलेला. दोन हजारांचा मेसेज आला तेव्हा बागेची हंगामानंतरची खरड छाटणी चालू होती, त्यात पाच-सहा मजुरांचा एक दिवस निघाला.

मला विचाराल तर खरी मदत शेतमाल नेणाऱ्या किसान रेल्वेची होती. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली गाडी सुटली, पुढं भाड्यात ५० टक्के सूटही मिळाली. हीच गाडी मार्चअखेर असती तर आमचा माल बिहारपर्यंत गेला असता. आली तेव्हा बागेत घड नव्हते.

आणि एक गोष्ट अजून मनातून जात नाही. आमच्या बांधाला लागून एक जण दुसऱ्याची जमीन वाट्याने करतो. त्या वर्षी त्याचा कोबी शेतातच सडला, शेवटी त्याने त्यात मेंढ्या घातल्या. पीएम किसानचा हप्ता सातबाऱ्यावरच्या नावाला जातो, तो मालकाला गेला, आणि मालक राहतो नाशिकला. याच्या बायकोच्या जनधन खात्यात तीन महिने ५०० रुपये आले, तेवढेच. माझ्या मोबाइलवरचा मेसेज त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, "भाऊ, माझा नंबर कुठं नोंदवायचा?" मी त्याच्यासाठी पोर्टल उघडलं, पण तिथं जमिनीचा गट नंबर मागतात.