उच्च रक्तदाबामुळे किडनी नेमकी कशी खराब होते?

एकेका किडनीत सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला की त्यांना रक्त पोचवणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, आतली वाट अरुंद होते आणि गाळण्या हळूहळू निकामी होत जातात. उरलेल्यांवर भार पडतो, लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन झिरपू लागतं. त्यात बिघडलेली किडनी मीठ-पाणी धरून ठेवते, म्हणजे दाब आणखी चढतो! हृदयाचा स्नायू जाड होणं, पक्षाघात, डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव हेही त्याचेच परिणाम. काही त्रास जाणवत नाही म्हणून कृपया गाफील राहू नका. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) बरंच नुकसान झाल्यावर वाढतं, त्यामुळे लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणीही दरवर्षी करून घ्या, आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.