रिकाम्या महिन्यांचा हिशेब

प्रश्न : मी सात वर्षे एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या लेखा विभागात काम केले. वडिलांना पक्षाघाताचा झटका आल्यावर त्यांच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडली, त्याला आता २६ महिने झाले. वडील आता आधाराशिवाय चालू लागले आहेत आणि पाच महिन्यांपासून मी पुन्हा नोकरी शोधते आहे. मागच्या मुलाखतीत ‘मधली दोन वर्षे आपण काय करत होतात?’ असे विचारले गेले, तेव्हा मी आजारपणाची सगळी हकिकत सांगत बसले आणि शेवटी डोळ्यांत पाणी आले. तिथून पुढे काही कळवले गेले नाही. मैत्रीण म्हणते, जुन्या नोकरीची अखेरची तारीख वर्षभर पुढची लिही, नाहीतर ‘स्वतंत्र सल्लागार’ असे टाकून दे. मी काय करावे?
– एक वाचक

उत्तर : मैत्रिणीच्या सल्ल्याचा निकाल आधी लावू. तारखेला हात लावू नका. नेमणुकीपूर्वी अनेक कंपन्या उमेदवाराची पडताळणी करून घेतात आणि त्यात जुन्या कंपनीला हमखास विचारली जाणारी माहिती म्हणजे पद, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख. खोटी तारीख उघडकीस आली तर हाती आलेले नेमणूकपत्रही परत घेतले जाऊ शकते. शिवाय हिशेब सांभाळायला आलेल्या व्यक्तीनेच आकडा फिरवला, हा ठपका आपल्या व्यवसायात धुऊन निघणे कठीण. ‘स्वतंत्र सल्लागार’ हे बिरुदही त्याच जातीचे आहे. कोणासाठी कोणते काम केले हे सांगता येत असेल तरच ते लावावे.

आता मुलाखतीकडे वळू. हा प्रश्न विचारणाऱ्याला सहानुभूती नसते असे नाही, परंतु त्याच्या मनात घोळत असतात त्या शंका वेगळ्याच असतात : ही व्यक्ती चार महिन्यांत पुन्हा सोडून जाईल का, कामाची सवय मोडली आहे का, आणि आधीची नोकरी हिने सोडली की हिला सोडावी लागली. आपण सांगितलेल्या हकिकतीत, पत्रावरून दिसते तितपत, या तिन्हींपैकी एकाही शंकेचे उत्तर नव्हते. ते साधारण असे देता येईल :

‘वडिलांच्या आजारपणात त्यांच्याजवळ कोणीतरी असणे आवश्यक होते, म्हणून मी स्वतःहून राजीनामा दिला. आता त्यांची प्रकृती सुधारली आहे, त्यामुळे मी पूर्णवेळ काम करू शकते. दरम्यान बदललेले करविषयक नियम मी वाचून काढले आहेत आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर पुन्हा हात बसवला आहे. या पदावर महिनाअखेरच्या ताळमेळाचे काम बरेच असावे असे जाहिरातीवरून वाटले. आधीच्या नोकरीत ते माझ्याकडेच होते.’

मोठ्याने वाचून पाहा, अर्ध्या मिनिटाच्या आसपास हे संपते. शेवटचे वाक्य त्यात सर्वांत मोलाचे आहे, कारण त्यामुळे बोलणे आजारपणावरून ताळमेळावर येते आणि पुढचा प्रश्न बहुधा कामाचाच येतो. त्यानंतर थांबा, समोरची व्यक्ती क्षणभर गप्प राहिली तरी ती शांतता आपण भरून काढू नका. अर्थात यातले प्रत्येक वाक्य खरे असले पाहिजे. नियम वाचायचे राहिले असतील तर पुढच्या मुलाखतीपूर्वी वाचा. आणि हे उत्तर घरात कोणासमोर तरी पुन्हापुन्हा म्हणून पाहा. डोळ्यांत पाणी येण्यात लाजण्यासारखे काही नाही, पण ते यायचेच असेल तर तिथे येऊन जाऊ द्या. कोणी आजाराचा तपशील खोदून विचारलाच तर ‘आता ते बरे आहेत, धन्यवाद’ एवढे पुरे.

मुलाखतीपर्यंत पोहोचण्यासाठी बायोडेटाची मांडणीही बदलून पाहण्याजोगी आहे. ब्रिटनमध्ये संशोधकांनी खऱ्याखुऱ्या कंपन्यांकडे ९,०२२ अर्ज पाठवून एक प्रयोग केला. काही अर्जांत आधीच्या नोकऱ्यांपुढे नेहमीप्रमाणे तारखा होत्या, तर काहींत तारखांऐवजी त्या त्या नोकरीत किती वर्षे काम केले एवढेच लिहिले होते. खंड दिसणाऱ्या अर्जांपेक्षा वर्षे लिहिलेल्या अर्जांना १५ टक्के अधिक प्रतिसाद मिळाला. आणि मला अधिक लक्षणीय वाटते ते हे, की खंडच नसलेल्या, तारखांच्या अर्जांपेक्षाही तो ८ टक्क्यांनी अधिक होता. म्हणजे खंड झाकला गेला एवढ्यानेच हे घडले नाही, अनुभवाचा आकडा ठळक दिसला हेही त्यामागे असणार. आपण ‘लेखा विभाग – ७ वर्षे’ असे लिहू शकता. मात्र अर्जाच्या नमुन्यात किंवा प्रत्यक्ष कोणी तारखा मागितल्या, तर त्या जशाच्या तशा द्याव्यात. ही मांडणीची निवड आहे, लपवाछपवीचा परवाना नव्हे.

लिंक्डइनवर २०२२ पासून कारकिर्दीतील खंडाची नोंद कारणासह करण्याची सोय आहे. तिथे ‘कुटुंबीयांची शुश्रूषा’ एवढेच लिहावे. हल्ली काहीजण अशा काळाला ‘गृहव्यवस्थापन प्रमुख’ वगैरे पदनाम देतात. वाचणाऱ्याला ते गमतीचे वाटते आणि मग बाकीचा बायोडेटाही तो त्याच नजरेने वाचतो. काही मोठ्या कंपन्या खंडानंतर परतणाऱ्यांसाठी काही आठवड्यांचा, पगारी उमेदवारीचा कार्यक्रमही चालवतात. गोल्डमन सॅक्सने असा कार्यक्रम २००८ मध्ये सुरू केला होता. तिथे खंड हीच पात्रतेची अट असते, तेव्हा तोही मार्ग पाहावा.

आणखी एक काम या आठवड्यातच उरकून घ्या. जुन्या कंपनीतील आपल्या वरिष्ठांना फोन करून आपण पुन्हा नोकरी शोधत आहात हे सांगा आणि त्यांचे नाव संदर्भासाठी दिले तर चालेल का, हे विचारा. राजीनामा आपण स्वतःहून दिला होता, ही गोष्ट त्यांच्या तोंडून आली तर तिसऱ्या शंकेला जागाच राहत नाही. आणि सात वर्षे काम पाहिलेल्या माणसाला आपल्याच विभागातील एखादी रिकामी जागाही ठाऊक असू शकते.