फांदी लावून मिरची येते का?

प्रश्न: गच्चीवरच्या कुंडीत एक मिरचीचं झाड आहे, लई तिखट अन् भरभरून लागायलंय. रोप हायब्रीड म्हणून आणलं होतं. शेजारच्या काकू म्हणतात गुलाबासारखी फांदी खोचा, येईल. खरंच येते का? – एक वाचक, परभणी

उत्तर: येते ताई, काकूंचं बरोबर आहे. उलट हायब्रीड असेल तर फांदीच बरी, कारण त्याच्या बियांची रोपं आईसारखी निघतीलच असं नाही, फांदीचं झाड मात्र हुबेहूब तेच.

चार-पाच इंचाचा, फुलं नसलेला निरोगी शेंडा घ्या, डोळ्याच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) जरा खाली ब्लेडनं कापा, खालची पानं काढा, कळी असेल तर तीही खुडा (जीवावर येतं, पण खुडा) आणि कोकोपीट-वाळूत खोचून वरून पारदर्शक पिशवी घाला अन् सावलीत ठेवा, उन्हात ठेवली तर आत शिजेल. माती ओलसर हवी, चिखल नको, नाहीतर देठ सडतो. दोन-तीन आठवड्यांत मुळ्या धरतात. एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हात हा खटाटोप करूच नका, पाऊस सुरू झाल्यावर करा.

अन् पानं आकसलेली, चुरडामुरडा आलेलं झाड असेल तर त्याची फांदी अजिबात घेऊ नका, व्हायरस असला तर तो फांदीतूनच नव्या झाडात येतो.

शेतात लावायची म्हणाल तर मात्र रोपंच बरी. भोकरदनकडं एवढी मिरची होते, तिथं कोण फांद्या खोचत बसतंय!