वाचकांचे प्रश्न : रस्त्याकडेच्या मोटारींचे काय करायचे?

गेल्या अंकातील नगररचनेवरील लेखात एक ओझरता उल्लेख होता. नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम शहराने २०१९ मध्ये रस्त्याकडेच्या पार्किंगच्या सुमारे ११,००० जागा २०२५ पर्यंत टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे धोरण जाहीर केले, असे ते वाक्य होते. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आल्याने या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ॲम्स्टरडॅममध्ये सायकलमार्गांचे जाळे केव्हाच तयार झाले आहे आणि लोक सायकल चालवतातही. मग उभ्या मोटारींवर हात घालण्याची गरज काय? धावत्या मोटारींवर बंधने घातली की पुरे नाही का?

उत्तर : धावत्या मोटारींवर बंधने आहेतच. डिसेंबर २०२३ पासून शहरातील बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा लागू झाली. मात्र अडचण वेगाइतकीच रुंदीची आहे. जुन्या शहरातील कालव्याकाठचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला पाणी, पाण्याच्या अगदी कडेला नाक काढून तिरक्या उभ्या असलेल्या मोटारींची रांग, मग एक गाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता आणि घरांच्या पायऱ्यांना चिकटलेला अरुंद पदपथ. पदपथावर मोटारी चढू नयेत म्हणून तिथे तांबूस-तपकिरी रंगाचे, शहराच्या चिन्हातील तीन फुल्या कोरलेले लोखंडी खुंट ठोकलेले असत. ते आजही काही ठिकाणी दिसतात. अशा रस्त्यावर सायकलला जागा द्यायची तर ती पदपथातून काढता येत नाही आणि घरे तर हलवता येत नाहीत. उरते ती मोटारींची रांगच. एक मोटार उभी राहायला दहा-बारा चौरस मीटर जागा लागते आणि खासगी मोटार दिवसाचा बहुतेक वेळ उभीच असते, म्हणजे शहराचा सर्वांत महागडा भाग लोखंड साठवण्यासाठी वापरला जातो.

ही जाणीव तिथे अलीकडची नाही. मार्च १९९२ मध्ये शहराच्या मध्यभागातील मोटारी कमी कराव्यात का, यावर नागरिकांचे सार्वमत घेतले गेले. मतदान कमी झाले आणि कौलही थोड्याच फरकाने मोटारी कमी करण्याच्या बाजूने लागला. आज जे शहर सायकलींचे म्हणून जगभर दाखवले जाते, तिथेही या प्रश्नावर एकमत नव्हते, हे आपल्यापैकी ज्यांना ‘तिथल्या लोकांची वृत्तीच वेगळी’ असे वाटते त्यांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न : ज्यांच्याकडे आधीपासून मोटार आहे, त्यांच्याकडून जागा काढून घेणे हा अन्याय नाही का? पालिकेने हे नेमके केले कसे?

उत्तर : या धोरणाचा सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ॲम्स्टरडॅममध्ये रस्त्यावर मोटार उभी करण्यासाठी रहिवाशाला परवाना लागतो आणि प्रत्येक भागातील परवान्यांची कमाल संख्या ठरलेली असते. पालिकेने कोणाच्या हातातला परवाना हिसकावून घेतला नाही, तर ती कमाल संख्याच हळूहळू खाली आणायचे ठरवले. एखादा रहिवासी घर बदलतो, मोटार विकतो किंवा त्याचे निधन होते. त्याने मोकळा केलेला परवाना पूर्वी प्रतीक्षायादीतील पुढच्या माणसाला मिळत असे. या धोरणानुसार असे काही परवाने पुन्हा न देता रद्द केले जाऊ लागले आणि परवाने कमी झाले की तितक्या जागाही कमी करता येतात. याशिवाय चांगली सार्वजनिक वाहतूक असलेल्या भागांत नवी इमारत उभी राहिली, तर तिच्या रहिवाशांना रस्त्यावरील पार्किंगचा परवाना मुळातच मिळत नाही. घर घेतानाच हे ठाऊक असल्यामुळे पुढे भांडण उरत नाही.

दुसरे म्हणजे, जागा कधी काढायची याची वेळ. कोणताही रस्ता केव्हा ना केव्हा खोदला जातोच, मलनिस्सारणाच्या नळांसाठी, झाडांसाठी किंवा कालव्याच्या भिंतीसाठी. या भिंती लाकडी खांबांवर उभ्या आहेत, त्यातील सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या भिंतींची तपासणी व दुरुस्ती करावी लागणार आहे आणि सप्टेंबर २०२० मध्ये विद्यापीठाजवळची एक भिंत चक्क पाण्यात कोसळली. कमकुवत भिंतींवरचा भार हलका करायचा म्हणजे काठावरच्या मोटारी हटवणे आलेच. खोदलेला रस्ता पुन्हा बांधताना मोटारींची रांग जशीच्या तशी परत आखायची नाही, एवढा निर्णय घेतला तरी खर्च आणि रोष दोन्ही आटोक्यात राहतात.

तिसरी गोष्ट पर्यायाची. दे पैप या दाटीवाटीच्या वस्तीत एका कालव्याच्या तळाखाली ६०० मोटारींचे भूमिगत वाहनतळ बांधून २०१८ मध्ये ते खुले केले. परवानाधारक रहिवाशांच्या गाड्या तिथे गेल्यावर शेजारच्या फ्रान्स हाल्स वस्तीतील गल्ल्यांतून जवळजवळ तितक्याच जागा काढल्या गेल्या. त्या गल्ल्यांत आता पदपथ रुंद झाले आहेत, घरांसमोर बाक आणि झाडे आहेत आणि पूर्वी खांबांना व कठड्यांना साखळीने बांधलेल्या सायकलींसाठी ओळीने स्टँड आहेत.

इथे एक धोका आहे. जमिनीखाली नवे वाहनतळ बांधले आणि वरच्या जागाही तशाच ठेवल्या, तर शहरात मोटारींना एकूण जागा वाढलेलीच असते. स्वित्झर्लंडमधील झुरिच शहराने यासाठी १९९६ मध्ये राजकीय तडजोडीतून नियम केला. मध्यवर्ती भागातील पार्किंगच्या जागांची संख्या १९९० च्या पातळीवर गोठवायची आणि वाहनतळात नवी जागा झाली की रस्त्यावरची एक कमी करायची. व्यापाऱ्यांना वाहनतळ मिळाले, पादचाऱ्यांना चौक मिळाले. कोणत्याही पालिकेला मी आधी हा नियम लिहून घ्यायला सांगेन आणि मगच कंत्राट काढायला सांगेन.

आता अन्यायाबद्दल. ॲम्स्टरडॅमच्या मध्यभागी बाहेरून आलेल्या मोटारीला २०१९ पासून तासाला साडेसात युरो मोजावे लागू लागले. उलट त्याच भागातील रहिवाशाच्या परवान्याचे वर्षभराचे शुल्क दिवसांवर विभागले, तर एका दिवसाचा वाटा पाहुण्याच्या एका तासापेक्षाही पुष्कळ कमी येतो. म्हणजे परवानाधारक रहिवाशाला सार्वजनिक जमीन बाजारभावाच्या क्षुल्लक अंशात वापरायला मिळते आणि ज्या शेजाऱ्याकडे मोटारच नाही त्याला त्याच रस्त्यातले काहीच मिळत नाही. अन्याय शोधायचाच असेल तर मला तो इथे अधिक दिसतो.

प्रश्न : माझे छोटे दुकान आहे. दुकानासमोर गाडी लावता आली नाही तर गिऱ्हाईक येईल कशाला? या धोरणाचा पहिला बळी दुकानदारच नव्हे काय?

उत्तर : आपली भीती जगभरच्या दुकानदारांनी बोलून दाखवली आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण धंदा बुडाला तर धोरण आखणारे भरपाई देत नाहीत. कॅनडातील टोरांटोच्या ब्लूर स्ट्रीटवर २०१६ मध्ये पार्किंगच्या जागा काढून सायकलमार्ग आखले, तेव्हा हाच वाद झाला. त्याच्या काही वर्षे आधी तिथे केलेल्या पाहणीत दिसले होते की, मोटारीने येणाऱ्या ग्राहकांचे प्रमाण दुकानदार प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त धरून चालतात. सायकलमार्ग झाल्यानंतरच्या अभ्यासात ग्राहकांच्या फेऱ्या आणि त्यांचा खर्च दोन्ही वाढल्याचे आढळले. चालत किंवा सायकलवरून येणारा एका वेळी कमी घेतो, पण वारंवार येतो.

तरीही सर्व दुकाने सारखी नसतात. फरशा किंवा फर्निचर विकणाऱ्याचे गणित वेगळे असते. त्याला हवी असते ती माल चढवण्या-उतरवण्याची जागा, दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीची नव्हे. खरे तर फुकट पार्किंगच्या जागा बहुधा दुकानातील कर्मचारी आणि आसपासचे रहिवासी सकाळीच अडवून बसतात. पार्किंगचे अर्थशास्त्र आयुष्यभर अभ्यासलेल्या डोनाल्ड शूप यांचे म्हणणे असे होते की, दर असा ठेवावा की रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यात एक-दोन जागा सतत मोकळ्या राहाव्यात आणि जमलेला पैसा त्याच भागातील पदपथ, दिवे व झाडांवर खर्च व्हावा. दुकानदारांच्या संघटनेने मागणी करायचीच असेल तर या दुसऱ्या भागाची करावी.

प्रश्न : माझ्या वडिलांना पाच पावलेही चालवत नाही. अशा माणसांनी काय करायचे?

उत्तर : त्यांच्यासाठी जागा राखून ठेवणे हे या धोरणाविरुद्ध नाही, ते त्याचेच काम आहे. नेदरलँड्समध्ये अपंग व्यक्तीला अटी पूर्ण होत असल्यास घराजवळ तिच्या गाडीच्या क्रमांकाची पाटी लावलेली स्वतंत्र जागा मिळू शकते. ज्याला गाडीवाचून गत्यंतर नाही त्याला दाराशी जागा हवी असेल, तर ज्याला गत्यंतर आहे त्याने ती अडवू नये, एवढेच यात पाहिले जाते.

प्रश्न : मोटारी गेल्या आणि त्यांच्या जागी सायकलींचा ढीग लागला तर काय मिळवले? ॲम्स्टरडॅमच्या छायाचित्रांत तर पुलांचे कठडे सायकलींखाली दिसेनासे झालेले असतात.

उत्तर : निरीक्षण अचूक आहे. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली राहतात. नेदरलँड्समधील शहरांत मोटारीच्या जागेएवढा फळ्यांचा चौथरा, वर सायकलींचे स्टँड, असा उचलून नेता येणारा संच आधी चाचणी म्हणून ठेवला जातो. रहिवाशांना पटले की जागा कायमची सायकलींना देता येते. पण संख्या वाढली की सायकलींचीही अडगळ होते आणि फुकट जागा भरून जाण्याचा नियम त्यांनाही लागू पडतो. म्हणून २०२३ मध्ये मध्यवर्ती रेल्वेस्थानकाजवळ पाण्याखाली दोन सायकलतळ सुरू झाले. एकात सुमारे ७,००० सायकली मावतात, दुसऱ्यात सुमारे ४,०००. पहिले चोवीस तास सायकल फुकट ठेवता येते, त्यानंतर शुल्क लागते. सकाळी सायकल ठेवून आगगाडीने कामाला जाणारा आणि संध्याकाळी परतणारा प्रवासी यात एक पैसाही भरत नाही. भुर्दंड पडतो तो सायकल ठेवून विसरून जाणाऱ्याला. स्थानकाबाहेरच्या चौकात बेवारस पडलेल्या सायकली पालिकेची माणसे उचलून आगारात नेतात आणि त्या सोडवून आणायच्या तर मालकाला पैसे मोजावे लागतात.