ऑक्सिजन सिलेंडर की हवेची टाकी?

प्रश्न असा होता की सिनेमांच्या मराठी सबटायटल्समध्ये स्कूबा डायव्हरच्या पाठीवरच्या नळकांड्याला सर्रास 'ऑक्सिजन सिलेंडर' लिहितात ते बरोबर आहे का, आणि 'त्याने बोटीवरून समुद्रात सूर मारला' हे चालेल का.

पहिल्याचं उत्तर, नाही. बहुतेक वेळा त्यात साधी हवाच असते, आपण आत्ता घेतोय तीच, २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळपास सगळा नायट्रोजन, फक्त २०० बारच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण दोनशेपट दाबाने भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन खाली गेलं तर साधारण ६ मीटरच्या पुढे तो विषारी ठरायला लागतो, झटके येऊ शकतात, आणि पाण्याखाली झटका आला की तोंडातला रेग्युलेटर (ज्यातून टाकीतली हवा श्वासाला मिळते तो) सुटतो आणि मग संपलंच. म्हणजे हिरो ३० मीटरवर आणि खाली अक्षरं 'माझा ऑक्सिजन संपत आलाय', अरे बाबा, ऑक्सिजन असता तर तू हे बोलायला (तोंडात रेग्युलेटर असताना कसं बोलतो ते एक वेगळंच) उरला नसतास! 'हवा संपत आली' लिहा की, अक्षरं कमीच लागतात. नायट्रॉक्स नावाचं ३२ किंवा ३६ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण वापरतात, पण तेही शुद्ध नव्हे.

आता गंमत अशी की ज्याने 'स्कूबा' हा शब्द काढला त्याच्या यंत्रात खरोखर ऑक्सिजनच होता. स्कूबा म्हणजे 'सेल्फ कंटेन्ड अंडरवॉटर ब्रीदिंग अ‍ॅपरेटस'ची आद्याक्षरं, ती जुळवली अमेरिकन डॉक्टर ख्रिश्चन लँबर्टसनने १९५२ च्या सुमारास, आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी वापरलेलं त्याचं यंत्र सोडलेला श्वास आतल्या आत फिरवून त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायचं, त्यामुळे वर बुडबुडे येत नसत आणि शत्रूला पत्ता लागत नसे. आज आपण ज्याला स्कूबा म्हणतो ते मात्र कूस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंचांच्या १९४३ च्या अ‍ॅक्वालंगच्या घराण्यातलं, त्यात दाबलेली हवा. नाव एकाचं, यंत्र दुसऱ्याचं! म्हणून सबटायटल करणाऱ्याने आधी बुडबुडे बघावेत. भसाभस येतायत ना, मग 'हवा'. महायुद्धावरच्या सिनेमात माणूस गुपचूप, बुडबुड्यांशिवाय जहाजाखाली जातोय, तिथे 'ऑक्सिजन' लिहिलंत तर मी भांडणार नाही.

'सूर मारणे' मात्र चुकीचंच वाटतं मला. सूर म्हणजे हात पुढे करून डोक्यावर पाण्यात घुसणं. पाठीवर पंधराएक किलोचं धूड घेऊन तसं कोणी करत नाही, टाकीचा व्हॉल्व्ह डोक्याच्या मागे आपटायचा. डायव्हर बोटीच्या काठावर बसून पाठीवर उलटा पडतो नाहीतर उभ्याने एक लांब पाऊल टाकतो, आणि बऱ्याच सिनेमांत हे बरोबर दाखवलेलं असतं, म्हणजे पडद्यावर माणूस पाठीवर पडतोय आणि खाली 'सूर मारला'. 'पाण्यात उतरला' किंवा 'बुडी मारली' लिहावं.

डायव्हरला 'पाणबुड्या' छान शब्द आहे, अनेक असतील तर पाणबुडे. बाई असेल तर पंचाईत, कारण 'पाणबुडी' म्हटलं की जहाजच डोळ्यासमोर येतं, 'ती उत्तम पाणबुडी आहे' कसं वाटेल? तिथे मी सरळ 'डायव्हर' लिहितो.